‘सांध्याचे बिट म्हणजे सौम्य बिट’ हा समज दुरुस्त व्हावा

महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत वेस्टर्न घोडेस्वारीच्या साजाविषयी प्रसिद्ध झालेला लेख आवडीने वाचला. खोगिराची बांधणी, रिकिबीची लांबी आणि म्होरकीचे प्रकार यांबद्दल लेखकाने दिलेली माहिती बहुतांशी नेमकी आहे, आणि अशा विषयाला मराठीत एवढी जागा मिळाली याचा आनंदही आहे. बिटांविषयीच्या परिच्छेदाबद्दल मात्र लिहिणे भाग आहे; लगामाचा जो धातूचा भाग घोड्याच्या तोंडात राहतो त्याला स्वार मंडळी बिटच म्हणतात, तेव्हा मीही तोच शब्द वापरतो. लेखासोबतच्या छायाचित्रात मधोमध सांधा असलेले, दोन्ही बाजूंना आखूड सरळ शँक, म्हणजे तोंडाबाहेर खाली उतरणाऱ्या पट्ट्या, असलेले एक बिट दाखवले आहे आणि त्याखाली ‘सौम्य स्नॅफल, नवशिक्यांसाठी योग्य’ अशी ओळ छापली आहे. ते स्नॅफल नाही, ते सौम्यही नाही आणि नवशिक्याच्या हातात देण्याजोगे तर मुळीच नाही. जाणकार त्याला ‘टॉम थंब’ या नावाने ओळखतात. घोड्याच्या तोंडाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे अशा वाचकांनी त्या ओळीवर विसंबून खरेदी केली, तर त्याचा भुर्दंड घोड्याला भरावा लागेल, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

लगामाचा जो धातूचा भाग घोड्याच्या तोंडात राहतो त्याला स्वार मंडळी बिटच म्हणतात, तेव्हा मीही तोच शब्द वापरतो. स्नॅफल की लेव्हरेज बिट, हे तोंडातल्या भागाला सांधा आहे की नाही यावरून ठरत नाही. लगामाचा पट्टा कुठे जोडला आहे, यावरून ते ठरते. स्नॅफलमध्ये लगाम थेट तोंडातल्या दांडीच्या टोकाच्या कडीला जोडलेला असतो, त्यामुळे स्वाराच्या हातातला ताण जेवढा, तेवढाच तोंडापर्यंत पोहोचतो. मग त्या दांडीला एक सांधा असो, दोन असोत किंवा एकही नसो, ते स्नॅफलच. लेव्हरेज बिटात तोंडातल्या दांडीच्या खाली उतरणाऱ्या शँकच्या टोकाला लगाम असतो, वरच्या टोकाला म्होरकीचा गालपट्टा असतो आणि त्याच वरच्या टोकातून हनुवटीखालून जाणारा पट्टा किंवा साखळी, म्हणजे कर्ब स्ट्रॅप, अडकवलेला असतो. लगाम ओढला की शँकचे खालचे टोक मागे येते, वरचे टोक पुढे झुकते, कर्ब स्ट्रॅप आवळतो आणि घोड्याचा खालचा जबडा तोंडातली दांडी व हा पट्टा यांच्या मध्ये धरला जातो. वरचे टोक पुढे झुकताना म्होरकीही थोडी खाली खेचली जाते, त्यामुळे कानांमागच्या माथ्यावरही काही भार येतो. एका हाताच्या हालचालीने तीन ठिकाणी परिणाम घडवणारे हे साधन म्हणजे साधी तरफ आहे, आणि तरफेचे गणित शाळेत शिकलेल्या कोणालाही मांडता येते.

तोंडातल्या दांडीपासून वरच्या कडीपर्यंतच्या अंतराला इंग्रजीत ‘परचेस’ म्हणतात. सोयीसाठी आपण त्याला वरची भुजा म्हणू. दांडीपासून लगामाच्या कडीपर्यंतचे अंतर म्हणजे खालची भुजा. वरची भुजा दीड इंच आणि खालची साडेचार इंच असेल, तर प्रमाण एकास तीन पडते. लगामावर १ किलोचा ताण दिला, तर कर्ब स्ट्रॅपवर आणि म्होरकीवर मिळून सुमारे ३ किलोचा ताण येतो. आणि येथेच बहुतेक जण चुकतात, कारण तोंडातल्या दांडीवर पडणारा भार ३ नव्हे तर ४ किलो असतो. लगाम आणि कर्ब स्ट्रॅप हे दोघेही दांडीला एकाच दिशेला, मागे, खेचतात, त्यामुळे दोघांची बेरीज जीभ आणि हिरडी यांच्यावर पडते. हा हिशेब लगाम शँकशी काटकोनात असताना लागू होतो. कोन बदलला की परिणामही घटतो. पण सौम्य आणि कठोर यांतले अंतर कळायला एवढा हिशेब पुरतो.

या हिशेबावरून लेखातले दुसरे विधानही तपासून पाहता येते. ‘शँक जितकी लांब तितके बिट कठोर’ असे त्यात म्हटले आहे. समजा एका बिटाची वरची भुजा १ इंच आणि खालची ५ इंच आहे, आणि दुसऱ्याची वरची २ इंच व खालची ६ इंच आहे. एकूण लांबी पाहिली तर पहिले ६ इंचांचे आणि दुसरे ८ इंचांचे. दुकानात दोन्ही शेजारी टांगलेली दिसली, तर नवखा माणूस दुसऱ्याला घाबरेल आणि पहिले घेऊन घरी जाईल. प्रत्यक्षात पहिल्याचे प्रमाण एकास पाच आहे आणि दुसऱ्याचे एकास तीन. शिवाय लांब भुजेला फिरायला वेळ लागतो. शँक तीस अंशांनी मागे यावी म्हणून ६ इंची भुजेचे टोक ३ इंच सरकावे लागते आणि ४ इंची भुजेचे केवळ २ इंच. मधल्या त्या एका इंचात शिकवलेल्या घोड्याला सूचना मिळालेली असते आणि दाब पडण्याआधीच त्याने उत्तर दिलेले असते. उत्तम वेस्टर्न बिटाची सगळी मदार या उसंतीवर असते. आखूड, सरळ शँक आणि आखूड वरची भुजा ही उसंतच काढून घेतात.

हे कागदावर पटत नसेल तर एक प्रयोग घरात करून पाहावा. मी तो केला आहे आणि आता दुसऱ्यांना सल्ला देण्याआधी त्यांच्याकडूनही करवून घेतो. मनगटाच्या जरा वर, जिथे हाड कातडीच्या लगेच खाली लागते, तिथे बिटाची दांडी आडवी ठेवायची, कर्ब स्ट्रॅप हाताच्या खालून घेऊन दोन्ही बाजूंना नेहमीसारखा अडकवायचा आणि दुसऱ्या कोणाला तरी लगामाला ताणकाटा लावून हळूहळू ओढायला सांगायचे. काटा १ किलोवर येईपर्यंत बहुतेक जण ‘बस, बस’ म्हणतात. सांध्याचे शँकवाले बिट लावले, तर आणखी एक गोष्ट कळते: दांडी मध्येच वाकते, दोन्ही अर्धे हाताला अडकित्त्यासारखे कवळतात आणि शँकची वरची टोके आत वळून कातडीत रुततात. छायाचित्रातल्या बिटाला ‘सौम्य’ म्हणणाऱ्याने स्वतःच्या हातावर ते एकदा लावून पाहावे, एवढेच म्हणतो. घोड्याच्या खालच्या जबड्यातली, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधली जी मोकळी जागा बिटासाठी वापरली जाते, तिथले हाड आपल्या मनगटाच्या हाडाहून फार जाड आवरणाखाली नसते. हाडाची धार, वर पातळ हिरडी आणि जवळूनच बाहेर येणारी संवेदना वाहणारी नस, असा तो प्रदेश आहे.

सांधा असलेल्या लेव्हरेज बिटाचा दोष केवळ जोराचा नाही, संदिग्धतेचाही आहे. स्नॅफलमध्ये उजवा लगाम बाजूला नेला की उजवीकडे वळायचे, हे घोड्याला सहज समजते. टॉम थंबमध्ये उजवा लगाम ओढला, तर उजवी शँक आपल्याच आसाभोवती फिरते, कर्ब स्ट्रॅप दोन्ही बाजूंनी आवळला जातो, डाव्या गालावर काहीतरी टोचते आणि जिभेवरचा सांधा हलतो. इतक्या परस्परविरोधी सूचनांतून घोड्याने नेमके काय उचलायचे? तो मान वर फेकतो किंवा तोंड उघडतो, आणि स्वार म्हणतो की हा हट्टी आहे. मधल्या सांध्याऐवजी दोन सांधे आणि मध्ये छोटा तुकडा किंवा कडी असलेली, अथवा सांध्यावर फिरती नळी बसवलेली शँकवाली बिटेही मिळतात. त्यांत अडकित्त्याचा परिणाम पुष्कळ कमी होतो आणि स्नॅफलमधून पुढे येणाऱ्या घोड्यासाठी काही प्रशिक्षक ती वापरतात. त्यांना माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्यांना स्नॅफल म्हणून विकण्याला आणि छापण्याला.

आता तोंडातल्या दांडीच्या आकाराविषयी. दांडीच्या मधल्या कमानीला पोर्ट म्हणतात. पोर्ट उंच म्हणजे बिट क्रूर, हा समजही अर्धवट आहे. सरळ दांडीत सगळा भार जिभेवर येतो; पोर्टमुळे जिभेला खाली जागा मिळते आणि भार काही प्रमाणात बाजूच्या हिरड्यांवर सरकतो. ज्या घोड्याची जीभ जाड आहे त्याला थोडीशी रुंद, बुटकी कमान बहुधा मानवते. ज्याच्या हिरड्या धारदार आणि जीभ मऊ, बसकी आहे, त्याला किंचित वक्र दांडी अधिक बरी वाटते. उंचीपेक्षा रुंदीकडे आधी पाहावे, कारण निमुळत्या कमानीत जीभ मावतच नाही आणि कमानीच्या कडा मात्र बोचतात. घोड्याचे तोंड बंद असते तेव्हा जीभच जवळपास सगळी पोकळी व्यापून टाकते, त्यामुळे जाड दांडी म्हणजे हमखास मऊ दांडी असेही म्हणता येत नाही. लहान तोंडाच्या घोड्याला ती बोळ्यासारखी अडचणीची होते. कमान पुरेशी उंच असेल आणि शँक बरीच फिरली असेल, तर ती टाळूला लागते. कॅथीड्रल किंवा स्पेड जातीची बिटे हेच तत्त्व वापरतात, आणि ती ज्या हातांसाठी बनलेली आहेत ते हात फार थोड्यांना लाभतात.

स्पेड बिटाचा उल्लेख आला आहे तर थोडे विषयांतर करतो. कॅलिफोर्नियातल्या वाकेरोंनी, म्हणजे स्पॅनिश परंपरेतून आलेल्या गुराखी स्वारांनी, घोडा घडवण्याचा एक दीर्घ क्रम बसवला. आधी बिट नसलेला, नाकावर चालणारा हॅकमोर. मग हॅकमोर आणि बिट दोन्ही एकत्र, ज्यात घोडा बिट नुसते तोंडात वागवायला शिकतो आणि सूचना मात्र नाकावरूनच घेतो. आणि काही वर्षांनी, घोडा पुरता तयार झाल्यावर, केवळ बिट. अशा घोड्याचे लगाम झोळदार लोंबत असतात, लगामाच्या साखळीचे वजन जरा उचलले गेले तरी तो वळतो. पाहणाऱ्याला स्पेड बिटाचा तोंडातला तो मोठा, चमच्यासारखा पसरट भाग दिसतो आणि तो दचकतो. पण त्या चमच्याचा धाक दाखवून घोडा शिकवलेला नसतो. शिकलेल्या घोड्याच्या तोंडात तो शेवटी येतो. नाही तर तेच बिट अनोळखी घोड्याच्या तोंडात आणि ओढणाऱ्या हातात गेले, की टाळू फाटायला वेळ लागत नाही. एका हाताने घोडा चालवण्याची गरजही त्या कामातूनच आली, कारण दुसऱ्या हातात दोर असे. लेव्हरेज बिट ही मुळात एका हाताच्या स्वारीची सोय आहे, ब्रेक नव्हे.

म्हणूनच लेखातल्या ‘घोडा थांबत नसेल तर पुढच्या पायरीचे बिट घ्यावे’ या सल्ल्याशी मी सर्वांत कमी सहमत आहे. हा सल्ला मीही एकदा मानला होता. माझ्याकडची एक तांबूस घोडी स्नॅफलमध्ये दुडकीपर्यंत ठीक चालायची, पण मोकळ्या मैदानात वेग घेतला की हात जड करायची. ज्यांनी मला नवे बिट विकले त्यांनी ‘सांध्याचे आहे, मऊ आहे, पण थांबवते’ असे सांगितले. पहिल्या दिवशी घोडी खरोखर थांबली. त्या दिवशीचा माझा आनंद आठवला की आता लाज वाटते. तिसऱ्या आठवड्यात ती बिट दिसताच मान वर करू लागली, मग चालताना जीभ दांडीवरून काढू लागली, आणि शेवटी हनुवटी छातीला लावून पळायला शिकली. त्या अवस्थेत कोणताही लगाम काम करत नाही. एका संध्याकाळी म्होरकी काढताना तिच्या हनुवटीखालच्या खाचेत बोट लागले आणि तिने डोके झटकले. तिथे करंगळीएवढा केस नसलेला पट्टा होता, मधोमध वाळलेली खपली. कर्ब साखळीची एक कडी पिळलेली होती आणि मी ती रोज तशीच अडकवत होतो.

पुढचे काम कंटाळवाणे होते, पण तेच उपयोगी पडले. आधी पशुवैद्याकडून दात तपासून घेतले. दाढांच्या कडा टोकदार झाल्या होत्या आणि दाढांपुढे उगवणारा, काही घोड्यांना असणारा, छोटा निरुपयोगी ‘वुल्फ टूथ’ एका बाजूला होता. वेगात ती हात जड का करत असे, याचे अर्धे उत्तर तिथेच मिळाले. तो काढला, कडा घासून घेतल्या, जखमा भरू दिल्या आणि मग अनेक महिने साध्या स्नॅफलमध्ये थांबणे, मागे येणे आणि मानेवर लगाम टेकला की वळणे हे पुन्हा पहिल्यापासून केले. घोडी स्नॅफलमध्ये बोटाच्या ताणावर थांबू लागल्यावरच लेव्हरेज बिट पुन्हा तिच्या तोंडात आले: रुंद व बुटक्या पोर्टचे, मागे वळलेल्या शँकचे, सैल फिरणाऱ्या बाजूंचे. आजही ते मी रोज वापरत नाही. खरे सांगायचे तर तिला आता त्याची फारशी गरजही नाही.

बाजू सैल की घट्ट, हा प्रश्न बऱ्याचदा विचारला जातो. शँक दांडीला पक्की जोडलेली असेल, तर सूचना स्वच्छ आणि एकसंध पोहोचते, पण एकाच लगामाने वळवू पाहिले तर अख्खे बिट तोंडात तिरके होते. जो घोडा मानेवरच्या लगामाने वळतो त्याच्यासाठी हे ठीक. शँक सांध्यावर फिरती असेल, तर दोन्ही बाजू थोड्याफार स्वतंत्र हलतात आणि अजून शिकत असलेल्या घोड्याला दिशा दाखवणे सोपे जाते. विकत घेण्याआधी सांध्यात बोट घालून, खाच रुंद झाली आहे का आणि ओठाची कातडी तिच्यात सापडेल का, हे पाहावे. तोल पाहण्यासाठी दांडीच्या मधोमध बोट घालून बिट लोंबू द्यावे. शँक पुढे किंवा मागे कलत असतील, तर घोड्याने मान नैसर्गिक जागी धरल्यावर त्या कशा राहतील याचा अंदाज येतो. लगाम सोडल्याबरोबर जे बिट आपल्या वजनाने जागेवर परत येते, ते घोड्याला ‘बरोबर केलेस’ हे ताबडतोब सांगते. दाब देणारी बिटे पुष्कळ आहेत. दाब सोडणारे बिट शोधावे लागते.

कर्ब स्ट्रॅपकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि निम्मी चांगली बिटे त्यामुळेच वाईट ठरतात. लगाम सैल असताना पट्टा आणि जबडा यांच्यात दोन बोटे सपाट जावीत, आणि शँक साधारण तीस ते पंचेचाळीस अंश मागे आल्यावर पट्टा लागावा. त्याहून घट्ट असेल तर घोड्याला कधीच सुटका मिळत नाही. सूचना आणि शिक्षा एकाच क्षणी येतात. फार सैल ठेवणे दयाळूपणाचे वाटते, पण मग शँक जवळपास आडवी होईपर्यंत फिरते, पोर्ट टाळूकडे उभा राहतो, ओठांचे कोपरे वरच्या कडीजवळ चिमटले जातात आणि तरफेला आधारच उरत नाही. साखळी असेल तर तिच्या सगळ्या कड्या सपाट बसल्या पाहिजेत. चामड्याचा रुंद पट्टा नवशिक्याला अधिक क्षमाशील आहे. अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनच्या स्पर्धा नियमांत या पट्ट्याची रुंदी किमान अर्धा इंच आणि तो जबड्याला सपाट लागलेला असावा, असे सांगितलेले आहे. त्याच नियमांत शँकची कमाल लांबी ८.५ इंच आणि पोर्टची कमाल उंची ३.५ इंच आहे, आणि दांडी गुळगुळीत असावी अशी अट आहे. मला त्यातली वयाची तरतूद अधिक बोलकी वाटते: पाच वर्षे किंवा त्याहून कमी वयाच्या घोड्यांना स्नॅफल किंवा हॅकमोरमध्ये, दोन्ही हातांनी लगाम धरून स्पर्धेत उतरण्याची मुभा आहे, आणि एका हाताने लेव्हरेज बिटात चालवण्याची अपेक्षा सर्वसाधारणपणे त्यापुढच्या वयाच्या घोड्यांकडून केली जाते. अर्थात नियमात बसणारे बिट आपल्या घोड्याला योग्य असेलच असे नाही, ८.५ इंच ही मर्यादा आहे, शिफारस नव्हे.

मापाचे थोडक्यात सांगतो. तोंडाची रुंदी ओठांच्या कोपऱ्यांपासून मोजावी आणि दोन्ही बाजूंना सुमारे पाव इंच मोकळे राहील असे बिट घ्यावे. अरुंद बिट गाल चिमटते आणि फार रुंद बिट सरकून पोर्टची जागाच बदलते. उंची ठरवताना स्नॅफलची सवय लागलेले लोक लेव्हरेज बिटही ओठांना दोन सुरकुत्या पडेपर्यंत वर बांधतात. ते चूक आहे. बिट ओठांच्या कोपऱ्याला नुसते टेकावे, फार तर एक हलकी सुरकुती पडावी, म्हणजे घोड्याला ते जिभेने उचलून धरायला वाव राहतो. मात्र नर घोड्याच्या सुळ्यांना दांडी लागत नाही ना, हे ओठ वर करून पाहावे. धातूबद्दल फार वाद घालण्यात अर्थ नाही. गंजणाऱ्या मऊ लोखंडाला ‘स्वीट आयर्न’ म्हणतात, ते आणि तांबे यांनी लाळ सुटते असा बहुतेकांचा अनुभव आहे. गंजरोधक पोलाद टिकते आणि स्वच्छ राहते. खडबडीत झालेले, चीर पडलेले किंवा पत्रा सुटलेले बिट कोणत्याही धातूचे असले तरी भंगारात टाकावे.

ज्याचा हात अजून दुडकीत उसळतो आणि जो तोल सावरायला लगामाचा आधार घेतो, त्याने लेव्हरेज बिट वापरू नये. १ किलोचा नकळत गेलेला झटका घोड्याला ४ किलोचा होतो. सतत ताठ लगाम धरण्याची ज्याला सवय आहे त्यानेही नको, कारण ही बिटे सैल लगामासाठी बनलेली आहेत. या बिटाला दोर लावून घोडा गोल फिरवू नये आणि लगामाने त्याला कुठेही बांधू तर कधीच नये; दचकून मागे ओढलेल्या घोड्याचा जबडा मोडू शकतो. आणि घोडा तोंड उघडतो म्हणून नाकपट्टी आवळणे, हे तक्रार करणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवण्यासारखे आहे.

लेखकाने परिश्रम घेतले आहेत यात शंका नाही, आणि त्यांच्या पुढच्या लेखाची मी वाट पाहीन. आपणांस विनंती इतकीच की छायाचित्राखालच्या ओळीची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर छापावी. शक्य असल्यास सोबत एक साधे रेखाचित्रही द्यावे: बिट समोरून नव्हे तर बाजूने दाखवलेले, ज्यात वरची कडी, तोंडातली दांडी आणि लगामाची कडी हे तिन्ही बिंदू आणि त्यांमधली अंतरे इंचांत लिहिलेली असतील. आजवर पाहिलेल्या बहुतेक लेखांत बिट समोरून, टेबलावर पसरून दाखवलेले असते, आणि तसे पाहिल्यावर वरची भुजा किती आखूड आहे हे कोणाच्याच लक्षात येत नाही.

आपला नम्र,
घोडेस्वारी करणारा एक वाचक